पत्रा आधी हरतो की फोम? सँडविच पॅनेलची मजबुती कशी ठरते

एक मिलिमीटर जाडीचा सपाट पोलादी पत्रा चार मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायला गेलात, तर तो ठेवताच येणार नाही. स्वतःच्याच वजनाने मधोमध खचेल आणि टेकूंवरून निसटून खाली येईल. आता तेवढंच पोलाद घेऊन अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे करा, त्यांच्यामध्ये ८० मिलिमीटर जाडीचा कडक फोम घाला आणि तिन्ही थर एकमेकांना पक्के चिकटवा. वाकण्याला या सँडविच पॅनेलचा विरोध, निदान कागदावरच्या गणितात, मूळ पत्र्याच्या सुमारे १९,२०० पट होतो. वजन वाढतं ते चौरस मीटरमागे जेमतेम तीन-सव्वातीन किलोंनी.

एवढाच ताठपणा नुसत्या पोलादातून मिळवायचा म्हटलं तर सुमारे २७ मिलिमीटर जाडीची प्लेट लागेल. तिचं वजन चौरस मीटरला २१० किलो भरेल. पॅनेलचं भरतं ११.

शीतगृहांच्या भिंती, कारखान्यांची छपरं, विमानांच्या केबिनची जमीन, पवनचक्क्यांची पाती, शर्यतीच्या बोटी आणि उपग्रहांचे सांगाडे या एका हिशेबावर उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश 'मॉस्किटो' विमानाने २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिलं उड्डाण केलं. त्याचं धड बर्च प्लायवूडच्या पातळ थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड घालून बनवलेलं होतं.

पण १९,२०० हे अर्धसत्य आहे. या पॅनेलांवरचं गेल्या ऐंशीएक वर्षांतलं बरंचसं संशोधन उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे: हा ताठपणा प्रत्यक्षात हाती किती लागतो, आणि भार वाढवत नेला की सगळ्यात आधी माघार कोण घेतं.

मधला थर काय करतो

वाकणाऱ्या कोणत्याही फळीची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. मधोमध एक पातळी अशी असते की तिथे दाबही नाही आणि ताणही नाही. म्हणजे भरीव फळीतलं मधलं सामान वजन वाढवतं, वाकणं रोखायला मात्र त्याचा फारसा उपयोग नसतो. म्हणून मजबूत सामान दोन्ही कडांना न्यायचं. पत्र्यांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा चौपट होतो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुलांमध्ये आणि इमारतींमध्ये वापरतात त्या आय सेक्शनच्या तुळईमागेही हाच विचार आहे: वर-खाली रुंद पट्ट्या आणि मध्ये त्यांना जोडणारा पातळ उभा पडदा. पॅनेलमधले पत्रे म्हणजे त्या पट्ट्या आणि फोम म्हणजे तो पडदा.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. मधली जागा रिकामटेकडी असेल तर तिथे काहीही भरलं तरी चालेल, असं वाटतं. एखादी जाड वही दोन्ही हातांनी वाकवून बघा. ती सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. वहीची मोकळी कड तिरकी झालेली डोळ्यांना दिसते. तीच पानं एकमेकांना पूर्ण चिकटवली तर वहीची फळी होते. थर एकमेकांवरून सरकू पाहतात तेव्हा जो ताण निर्माण होतो त्याला इंजिनिअर शिअर म्हणतात. सँडविच पॅनेलमध्ये हे सरकणं रोखायचं काम एकट्या गाभ्याचं, म्हणजे मधल्या थराचं, आणि त्याला पत्र्याशी बांधणाऱ्या चिकटथराचं असतं. चिकटथर पूर्ण सुटला तर अर्ध्या मिलिमीटरचे दोन सुटे पत्रे उरतात, आणि त्यांचा एकत्रित ताठपणा मूळ एक मिलिमीटर पत्र्याच्या पाव भागाएवढा असतो. १९,२०० पटीवरून थेट पाव पटीवर!

गाभा चिकटलेला असला तरी तो पूर्ण ताठ नसतोच. साध्या पॉलियुरेथेन फोमचा शिअरला होणारा विरोध तीन-चार मेगापास्कलच्या (ताण, दाब आणि ताठपणा मोजायचं एकक) घरात असतो, पोलादाचा ८०,००० च्या. दोघांमध्ये वीस हजार पटींहून जास्त फरक. त्यामुळे पॅनेल दोन प्रकारे खाली झुकतं. एक झुकणं पत्रे ताणले-दाबले गेल्यामुळे आणि दुसरं फोम तिरका झाल्यामुळे.

वर घेतलेलंच पॅनेल पुढे नेऊ. फोमचा शिअर ताठपणा ३.५ मेगापास्कल धरू आणि पॅनेलवर सगळीकडे सारखा, चौरस मीटरला १ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोंचा भार टाकू. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर साधारण एवढा दाब येतो. टेकूंमधलं अंतर चार मीटर असेल तर पत्र्यांमुळे सुमारे १० मिलिमीटर आणि फोममुळे ७ मिलिमीटर, असं १७ मिलिमीटर झुकणं येतं. अंतर सहा मीटर केलं तर पत्र्यांचा वाटा ५० मिलिमीटरवर जातो आणि फोमचा फक्त १६ वर. उलट दोन मीटरवर पत्र्यांमुळे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त आणि फोममुळे १.८ मिलिमीटर. म्हणजे आखूड पॅनेलमध्ये तीन चतुर्थांश झुकणं एकट्या फोममुळे येतं.

याचं कारण असं की सारख्या पसरलेल्या भाराखाली पत्र्यांमुळे येणारं झुकणं अंतराच्या चौथ्या घाताने वाढतं आणि फोममुळे येणारं वर्गाने. आखूड पॅनेलमध्ये पत्रा जाड करून पैसा आणि वजन दोन्ही वाया जातं. लांब पॅनेलमध्ये भारी फोम घालून तेच होतं. प्रयोगशाळेत एकाच पॅनेलचे तुकडे वेगवेगळ्या अंतरांवर वाकवून बघतात ते याचसाठी: दोन्ही वाटे वेगळे काढता येतात. एकाच आखूड तुकड्यावरून पॅनेलचा ताठपणा अमुक इतका आहे असं सांगणाऱ्या तक्त्याकडे जरा संशयानेच बघावं.

सुरकुत्या

ताठपणा झाला. आता मजबुती, म्हणजे पॅनेल मोडतं कधी. हा विषय जास्त मजेदार आहे, कारण मोडण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांच्यात चुरस असते. पत्रा ताणाने तुटू शकतो, दाबाखालचा पत्रा चुणू शकतो, फोम शिअरने फाटू शकतो, टेकूपाशी किंवा पायाखाली गाभा दबू शकतो, चिकटथर सुटू शकतो. यातली जी वाट सगळ्यात कमी भाराला उघडते ती पॅनेलची मजबुती ठरवते. बाकीच्या ठिकाणी कितीही सुधारणा करा, काही फरक पडत नाही.

दाबाखालच्या पत्र्याचंच बघू. वरून भार आला की वरचा पत्रा दाबला जातो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा एकटा असता तर लगेच बाहेर वाकला असता. त्याला जागेवर धरून ठेवतो तो खालचा फोम. पण फोमची ही पकड मऊ असते. एका ठरावीक दाबापलीकडे पत्रा फोमला आत ढकलत किंवा बाहेर ओढत छोट्या छोट्या लाटांत चुणतो. पत्र्यावर आडवी सुरकुती उमटते आणि त्या क्षणी पॅनेलची ताकद कोसळते.

ही वेळ कधी येईल याचं एक सूत्र हॉफ आणि माउटनर या संशोधकांनी १९४५ मध्ये मांडलं आणि ते आजही वापरात आहे. पत्र्याचा ताठपणा, फोमचा दाब-ताणाखालचा ताठपणा आणि फोमचा शिअर ताठपणा या तिघांचा गुणाकार करायचा, त्याचं घनमूळ काढायचं आणि उत्तर निम्मं करायचं. शुद्ध सिद्धांताप्रमाणे निम्म्याऐवजी ०.९१ ने गुणायला हवं. पण खरा पत्रा कधीच पूर्ण सपाट नसतो, फोममध्ये कुठे ना कुठे पोकळी असते, म्हणून इंजिनिअर ०.५ वर थांबतात. सिद्धांत आणि वास्तव यांच्यातल्या या दरीचा अभ्यास हाच या क्षेत्रातला एक मोठा उद्योग आहे.

आपल्या पॅनेलसाठी फोमचा ताठपणा ६ मेगापास्कल धरला तर उत्तर येतं सुमारे ८२ मेगापास्कल. साध्या बांधकामाच्या पत्र्याचं पोलाद मात्र २८० मेगापास्कलपर्यंत टिकतं. म्हणजे पोलादाची जेमतेम तीस टक्के ताकद वापरली जाते तोवरच पत्रा चुणून मोकळा होतो.

सूत्रात पोलादाच्या ताकदीला कुठे जागाच नाही, हेही लक्षात घ्या. आहे तो फक्त त्याचा ताठपणा, आणि स्वस्त पोलाद असो की उच्च प्रतीचं, तो साधारण २१० गिगापास्कलच (२,१०,००० मेगापास्कल) राहतो. दुप्पट ताकदीचा पत्रा लावून सुरकुतीच्या बाबतीत शून्य फायदा होतो. फोमचे दोन्ही ताठपणे दुप्पट केले तर मात्र सुरकुतीचा दाब सुमारे ५९ टक्क्यांनी वाढतो. पत्र्यावर बारीक नाळ्या उमटवल्या तरी मोठा फायदा होतो, कारण नाळीदार पत्रा चुणायला जड जातो. भिंतींच्या पॅनेलवर दिसणाऱ्या त्या रेघा शोभेसाठी आहेत असं वाटतं. शोभा येतेच, पण त्यांचं खरं काम हे आहे.

चार मीटर अंतर आणि १ किलोन्यूटनचा भार धरला तर पत्र्यातला दाब ५० मेगापास्कल येतो. ८२ पासून तो लांब आहे, पण फार लांब नाही. फोममधला शिअर ताण येतो ०.०२५ मेगापास्कल. अशा फोमची शिअरमधली ताकद ०.१२ च्या आसपास धरली तर तिथे पावणेपाच पट सवड आहे. या पॅनेलमध्ये पत्रा आधी चुणणार हे उघड आहे.

आता अंतर कमी करत जा. पत्र्यातला दाब अंतराच्या वर्गाने घटतो आणि फोममधला ताण सरळ प्रमाणात. गणित केलं तर सुमारे १.४ मीटरपाशी पारडं फिरतं. त्याहून आखूड पॅनेलमध्ये सुरकुती पडण्याआधी फोम फाटतो. सामान तेच, कारखाना तोच, पण मोडण्याचं कारण बदलतं. त्यामुळे 'या पॅनेलची मजबुती किती' या प्रश्नाला अंतर आणि भाराचा प्रकार सांगितल्याशिवाय उत्तरच नसतं. ट्रायँटाफिलू आणि लोर्ना गिब्सन या संशोधकांनी १९८७ मध्ये फोमच्या गाभ्यासाठी याचे नकाशेच काढले. एका अक्षावर पत्र्याची जाडी आणि टेकूंमधलं अंतर यांचं गुणोत्तर, दुसऱ्यावर फोमची घनता, आणि नकाशावर प्रदेश आखलेले: इथे पत्रा कायमचा ताणला जाणार, इथे सुरकुती पडणार, इथे फोम फाटणार. अशा नकाशावर दोन प्रदेशांच्या सीमेजवळ असणारं पॅनेल सामान वाया घालवत नाही, कारण तिथे पत्रा आणि गाभा दोघांचीही ताकद जवळपास पूर्ण वापरली जाते.

प्रयोगशाळेत

सगळ्यात जास्त केली जाते ती चार बिंदूंची वाकवण्याची चाचणी. पॅनेलची एक पट्टी कापून खाली दोन रोलरवर ठेवतात आणि वरून दोन रोलर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने खाली आणतात. या मांडणीची युक्ती अशी की वरच्या दोन रोलरच्या मधल्या भागात शिअर शून्य असतं, तिथे निव्वळ वाक असतो. टेकू आणि वरचा रोलर यांच्यामध्ये मात्र शिअर असतं. मधल्या भागात मोडलं तर बोट पत्र्याकडे जातं, बाजूला मोडलं तर गाभ्याकडे. रोलरखाली रबराचा तुकडा किंवा स्टीलची पट्टी ठेवतात. ती विसरलं तर रोलर पत्रा दाबून फोममध्ये घुसतो आणि आपण पॅनेलची मजबुती मोजत आहोत असं समजून प्रत्यक्षात रोलरने पाडलेला खड्डा मोजत बसतो.

पट्टीची कड आधी पांढरी रंगवतात आणि तिच्यावर काळे ठिपके फवारतात. कॅमेरे ते ठिपके टिपत राहतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपका किती सरकला यावरून फोममध्ये कुठे किती ताण आहे याचं रंगीत चित्र काढतं. आलेख सुरुवातीला सरळ चढतो. मऊ फोम असेल तर तो हळूहळू आडवा होऊ लागतो, कारण फोमच्या पेशींच्या भिंती दबायला लागलेल्या असतात. मग टेकू आणि रोलर यांच्या मधल्या भागात फोममध्ये साधारण ४५ अंशांत एक तिरकी चीर पडते. ती पत्र्यापर्यंत पोहोचली की वळते आणि पत्र्याला समांतर धावत सुटते. बाल्सासारख्या गाभ्यात हे सगळं एका ठक् आवाजात संपतं.

दुसरी चाचणी दिसायला अगदी बाळबोध आहे. पॅनेलचा चौकोनी तुकडा दोन धातूच्या ठोकळ्यांमध्ये चिकटवून सरळ ओढायचा. आकडा तर नोंदवतातच, पण जाणकार माणूस आधी तुटलेला पृष्ठभाग बघतो. फोम मधून फाटला असेल आणि पत्र्यावर फोमचा थर शिल्लक असेल तर चिकटथर फोमपेक्षा मजबूत आहे, काळजी नको. पत्रा लख्ख, चकचकीत सुटून आला असेल तर आकडा चांगला आला तरी ते पॅनेल संशयास्पद. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला, साच्याचं तापमान चुकलं, चिकटद्रव्य पसरण्याआधीच सुकायला लागलं, अशा कितीतरी कारणांनी हे होतं.

कडेवर उभं करून दाबण्याची, पत्रा ड्रमवर गुंडाळत सोलून काढण्याची, वजन टाकून आघात करण्याची अशा बाकीच्याही चाचण्या आहेत. अमेरिकी एएसटीएम मानकांमध्ये त्यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. वाकवून गाभ्याची शिअर ताकद काढण्याची चाचणी सी ३९३ या नावाने ओळखली जाते. युरोपात धातूच्या पत्र्याच्या इन्सुलेशन पॅनेलसाठी ईएन १४५०९ हे मानक लागू आहे.

चिकटथर सुटला की

नासाच्या एक्स-३३ या प्रायोगिक यानाची द्रव हायड्रोजनची टाकी कार्बन कंपोझिटचे (राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचे) पत्रे आणि मध्ये हनीकोंब गाभा अशी बनवलेली होती. हनीकोंब म्हणजे षटकोनी घरांची पातळ भिंतींची जाळी. नोव्हेंबर १९९९ मध्ये टाकी उणे २५३ अंश सेल्सिअसच्या हायड्रोजनने भरून तिच्यावर भार टाकण्यात आला. चाचणी पार पडली. टाकी रिकामी केल्यावर, ती पुन्हा गरम होत असताना बाहेरचा पत्रा आणि गाभा आतल्या पत्र्यापासून सुटला. तपासात कळलं की थंडीत आतल्या पत्र्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांतून हायड्रोजन गाभ्याच्या घरांमध्ये शिरला, आणि टाकी गरम होऊ लागताच तिथे दाब वाढला. त्यात चिकटथर अपेक्षेपेक्षा कमजोर होता. २००१ मध्ये तो प्रकल्पच रद्द झाला.

दुसरी घटना प्रवासी विमानाची. ६ मार्च २००५ रोजी एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए-३१० क्युबातल्या वारादेरोहून क्वेबेक सिटीकडे निघालं होतं. हवेत असताना त्याच्या शेपटीचं रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा हलता उभा भाग, जवळजवळ पूर्ण तुटून गेलं. वैमानिकांनी विमान सुखरूप वारादेरोला परत उतरवलं. रडर कंपोझिट पत्रे आणि हनीकोंब गाभा यांचं होतं. तपासकर्त्यांचा कल असा होता की पत्रा आणि गाभा यांच्यात आधीच कुठेतरी फट असावी आणि ती वाढत गेली असावी.

फट वाढण्यामागचं भौतिकशास्त्र साधं आहे. हनीकोंबच्या बंद घरांत जमिनीवरच्या दाबाची हवा अडकलेली असते. साडेदहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या चौथ्या भागाएवढा उरतो. आतली हवा पत्र्याला बाहेर ढकलते. जिथे चिकटथर धड आहे तिथे काही होत नाही. जिथे आधीच सुटलेला भाग आहे तिथे पत्रा किंचित फुगतो आणि फटीच्या कडेवर ओढ येते. विमान उतरलं की फुगवटा बसतो, पुन्हा उडालं की पुन्हा फुगतो. प्रत्येक फेरीत फट जराशी पुढे सरकू शकते. या घटनेनंतर किती मोठी फट धोकादायक, ती किती वेगाने वाढते आणि ती वेळेत कशी पकडायची, यावर बरंच संशोधन झालं.

उष्णता, काळ आणि आग

भिंतीच्या पॅनेलचा बाहेरचा पत्रा उन्हात तापतो आणि आतला थंड राहतो. गडद रंगाच्या पत्र्यासाठी ईएन १४५०९ उन्हाळ्यातलं तापमान ८० अंश धरायला सांगतं, अगदी फिक्या रंगासाठी ५५. आपल्या चार मीटरच्या पॅनेलमध्ये दोन पत्र्यांत ५० अंशांचा फरक पडला तर पॅनेल मधोमध १५ मिलिमीटर बाहेर फुगतं. वादळी वाऱ्याने आलेलं झुकणं १७ होतं, हे आठवा. कसलाही भार नसताना, नुसत्या रंगाच्या निवडीमुळे जवळजवळ तेवढंच! पॅनेल फक्त दोन टोकांना टेकलेलं असेल तर ते निमूट वाकतं आणि परत येतं. मध्ये तिसरा टेकू असला की त्याला मोकळेपणाने वाकता येत नाही, टेकूपाशी पत्र्यावर दाब साचतो आणि सुरकुती नेमकी तिथे पडते.

काळाचा परिणाम फोमवर जास्त होतो. सतत भाराखाली फोम हळूहळू सरकत राहतो, त्यामुळे छपरावर बर्फ साचून राहिला तर झुकणं आठवड्यागणिक वाढतं. म्हणून त्याच मानकात बर्फासाठी २,००० तासांचा आणि कायमच्या भारासाठी १,००,००० तासांचा, म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षांचा हिशेब करावा लागतो. एवढी वर्षं कोणी चाचणी चालवत नाही. काही आठवड्यांच्या मोजमापावरून पुढचा अंदाज बांधतात.

आगीचं गणित तर पूर्ण वेगळंच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. इमारतीच्या बाहेरून लावलेल्या आच्छादनात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिइथिलीनचा गाभा होता. वाऱ्याच्या भाराला असं पॅनेल सहज पुरं पडतं. वाकवण्याच्या कोणत्याही चाचणीत त्याचा हा दोष दिसला नसता. इमारतींच्या बाबतीत गाभा जळतो कसा हे आधी विचारावं आणि मजबुतीचं नंतर, असं माझं स्पष्ट मत आहे. खनिज लोकरीचा गाभा जड असतो, पण तो जळत नाही.

गाभा निवडताना

फोमची घनता निम्मी केली तर त्याचा ताठपणा निम्मा होत नाही, साधारण चौथा हिस्सा उरतो. कारण फोमच्या पेशींच्या भिंती आणि काड्या भार आला की वाकतात, आणि वाकणं ही भार पेलण्याची सगळ्यात उधळी पद्धत आहे. हनीकोंबमध्ये भिंती उभ्या असल्यामुळे तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ताकद मिळते. मात्र हनीकोंबला दिशा असते. पट्ट्या एकमेकांना चिकटवून आणि मग ओढून तो बनवतात, त्यामुळे एका दिशेतल्या काही भिंती दुहेरी होतात. त्या दिशेने शिअर ताकद आडव्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असते. पॅनेल कापताना दिशा उलटी धरली की निम्मी ताकद गेली. शिवाय ॲल्युमिनियमचा हनीकोंब आणि कार्बनचा पत्रा यांची थेट गाठ पडली आणि ओल शिरली तर ॲल्युमिनियम गंजत जातं, म्हणून मध्ये काचतंतूंचा पातळ थर घालावा लागतो.

अलीकडे थ्री-डी प्रिंटरने बनवलेल्या जाळीदार गाभ्यांवर प्रचंड काम चाललंय. कल्पना अशी की काड्यांची मांडणी अशी करायची की त्या वाकणारच नाहीत, फक्त ताणल्या किंवा दाबल्या जातील. मग घनता निम्मी केली तर ताठपणाही निम्माच होतो, चौथा हिस्सा नाही. अडचण अशी की छापलेल्या काडीची जाडी जागोजागी बदलते, तिच्यात बारीक पोकळ्या राहतात, आणि काडी व पत्रा यांचा जोड लहान असल्यामुळे तिथेच तुटण्याची भीती असते.

वजनाचं एक गणित सांगतो, कारण मला ते फार आवडतं. ठरावीक ताठपणा सगळ्यात कमी वजनात हवा असेल तर गाभ्याचं वजन दोन्ही पत्र्यांच्या एकत्रित वजनाच्या दुप्पट असावं, असं निघतं. मजबुतीसाठी दोन्ही वजनं सारखी. आपल्या पॅनेलमध्ये पत्रे पावणेआठ किलोंचे आणि फोम सव्वातीन किलोंचा, म्हणजे सगळं उलटंच. पण आदर्श गुणोत्तर गाठायला पत्रा इतका पातळ करावा लागेल की हाताच्या धक्क्यानेही पोचा पडेल.

सँडविच पॅनेलवरच्या लेखांत 'नव्या गाभ्यामुळे मजबुती ४० टक्क्यांनी वाढली' अशी वाक्यं पुष्कळ सापडतात. त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. वजन किती वाढलं? जुना आणि नवा तुकडा एकाच कारणाने मोडला का? कारण जुन्यात चिकटथर सुटला असेल आणि नव्यात फोम फाटला असेल तर श्रेय गाभ्याचं नाही, चिकटवणाऱ्याचं आहे. आणि तुकडे किती होते? तीन तुकड्यांवर काढलेल्या सरासरीला या विषयात फार वजन नाही, कारण फोम आणि चिकटथर दोन्हींमध्ये तुकड्यागणिक फरक पडतो.

सगळ्यात अवघड प्रश्न अजून सुटलेला नाही. अल्ट्रासाउंड, उष्णतेचे कॅमेरे, लेझरने पृष्ठभाग तपासणं किंवा नाण्याने ठोकून आवाज ऐकणं, या सगळ्या पद्धतींनी पत्रा गाभ्यापासून सुटला आहे की नाही ते कळतं. पण नुसता टेकलेला, चिकटल्यासारखा दिसणारा आणि प्रत्यक्षात ताकद नसलेला चिकटथर त्यांना चांगल्या चिकटथरासारखाच दिसतो. न तोडता चिकटथराची ताकद मोजण्याची भरवशाची पद्धत आजही नाही. म्हणून विमानाचे भाग बनवताना त्याच दिवशी, त्याच चिकटद्रव्याने, त्याच भट्टीत एक छोटा जोडतुकडा बनवतात आणि पॅनेल पुढे पाठवण्याआधी तो तोडून बघतात.